उघडी तार

जुलै १९५९, बिहार. एका घराच्या संडासाची भिंत कोसळली आणि आडोसाच गेला. घरातली माणसं शेजाऱ्याच्या संडासात जाऊ लागली. शेजाऱ्याला ते खपेना. त्याने बजावलं, हटकलं. कुणी ऐकलं नाही.

मग त्याने संडासाच्या वाटेत तांब्याची उघडी तार बांधली आणि घरातल्या विजेला जोडली. तारेत करंट आहे, हे मात्र सांगितलं नाही.

१६ जुलैला शेजारची बाई आत गेली, तेव्हा तार लागली नाही. बाहेर येताना हात लागला. थोड्याच वेळात ती गेली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. बचाव सरळ होता: जागा माझी, ती विनापरवाना आली, मालमत्ता राखायचा मला हक्क आहे. गावच्या पारावर आजही यावर निम्मी मंडळी मान डोलावतील! न्यायालयाने १९६३ मध्ये तो फेटाळला. घुसखोरासाठी मालकाने पाहुण्याइतकी काळजी घ्यावी असं कायदा म्हणत नाही. पण तो येणार हे ठाऊक असताना जीवघेणा सापळा लावता येत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची, कलम ३०४अ ची शिक्षा कायम राहिली.

इंग्लंडने पाहुण्यांसाठी १९५७ साली कायदा केला. घुसखोरांसाठी वेगळा कायदा यायला १९८४ उजाडलं. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. निकालांवरच चालतं.

आता विदर्भातलं हे शेत बघा. तूर कमरेला आलीय आणि रानडुकरं एका रात्रीत पट्टाच्या पट्टा लोळवतात. नुकसान खरं आहे, जागल करून माणूस थकतो, हेही खरं. म्हणून बांधावर खुंट्या, खुंट्यांना बाइंडिंगची तार आणि वरच्या लाइनवर आकडा. अंधार पडला की चालू, उजाडायच्या आत बंद. मधल्या वेळात पाणी द्यायला निघालेला शेजारी त्याच बांधावरून जातो. कधी मालक स्वतःच तार विसरतो.

भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाच्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पोलिस सदोष मनुष्यवधाचं कलमही लावतात.

पलीकडच्या शेतात झटका मशीन आहे. बॅटरीवर चालतं, क्षणभराचा ठोका देतं आणि थांबतं. डुक्कर किंचाळून पळतं, जिवंत. रात्री बांधावर उभं राहिलं की त्याची टकटक ऐकू येते.