टपालाने मागवलेला सल्ला

(दृश्य: लंडन, हिवाळा. शेकोटीजवळची खुर्ची.)

फेब्रुवारी १७८४. सॅम्युअल जॉन्सन यांना अंथरुणावर आडवं होता येत नाही. जरा गारवा लागला की छाती आवळते, मग रात्रभर बसून काढायची. पायांना, मांड्यांना सूज. अफूच्या अर्काशिवाय डोळा लागत नाही. इंग्रजीचा मोठा शब्दकोश रचणारे हे गृहस्थ आता ७४ वर्षांचे आहेत. हेबर्डेन आणि ब्रॉकल्सबी हे लंडनचे नावाजलेले डॉक्टर त्यांना पाहताहेत. तरीही ११ फेब्रुवारीला ते एडिंबरोला, वकील मित्र जेम्स बॉसवेलला लिहितात: माझ्या दुखण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

एडिंबरो सुमारे चारशे मैलांवर. रोग्याला न बघता सल्ला द्यायचा, यात त्या काळी कुणाला वावगं वाटत नसे. स्टेथोस्कोप १८१६ चा. तोवर नाडी, जीभ, लघवी पाहिली की तपासणी बहुतेक संपे. बाकी सगळा भर रोग्याच्या हकिकतीवर, आणि हकिकत टपालाने जाऊ शकते.

(दृश्य: पत्रांचे गठ्ठे, उलट्या अक्षरांचा पातळ कागद.)

या टपाली वैद्यकातलं मोठं नाव म्हणजे एडिंबरोचे प्राध्यापक विल्यम कलन. ठिकठिकाणचे डॉक्टर, सर्जन, औषधं बनवून विकणारे, कधी खुद्द रोगी त्यांना लिहीत. पाच हजारांहून जास्त पत्रं आज एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे आहेत. आपण काय कळवलं याची नक्कल कलन ठेवत. आधी लेखनिक ती हाताने उतरवत. १७८१ पासून नक्कल काढायचं यंत्र आलं. ते बनवलं होतं जेम्स वॉट यांनी. हो, तेच वाफेच्या इंजिनवाले! खास शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर, पातळ कागद दाबायचा. अक्षरं उलटी उमटत आणि कागदाच्या मागच्या बाजूने सुलटी वाचता येत. सल्ल्यांमध्ये औषधं असत, पण पथ्याचीही भरपूर लांबण: काय खावं, काय प्यावं, घोड्यावरून रपेट किती करावी.

इकडे उत्तरं यायच्या आतच जॉन्सन यांच्या शरीरातून वीस पाइंट, म्हणजे साधारण दहा लिटर पाणी निघून गेलं आणि एकाएकी आराम पडला. मग एडिंबरोहून पहिलं पुडकं आलं. त्यातला डॉक्टर गिलेस्पी यांचा सल्ला जॉन्सनना फार आवडला. सगळा अनुभवातला, भरीव. रेवाचिनीच्या (पोट साफ करणारं औषधी मूळ, रूबार्ब) लागवडीसाठी प्रसिद्ध असलेल्या सर अलेक्झांडर डिक यांनी रेवाचिनी देऊ केली, तीही घेऊन या म्हणून जॉन्सन यांनी बॉसवेलला कळवलं.

७ मार्चला बॉसवेलने कलन, होप आणि मन्रो या तीन प्राध्यापकांना एकच पत्र धाडलं. आधीच सांगून टाकलं की हा काही रीतसर सल्ला मागणं नव्हे. मग हकिकत: गेल्या उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका, त्याआधीचा खोकला, यंदाचा दमा, तीन महिने घरात कोंडलेले, अंगात पाणी भरतंय. सध्याचं औषध, समुद्रकांद्याचा सिरका. आपल्या रानकांद्याचाच हा भाऊबंद. अंगात पाणी भरण्यावर डिजिटॅलिस, म्हणजे फॉक्सग्लोव्ह या झाडाचं औषध, किती उपयोगी पडतं, हे इंग्लिश डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी छापून मांडलं ते पुढच्या वर्षी, १७८५ मध्ये.

तिघांनीही आनंदाने होकार दिला. होप म्हणाले, तुमच्या मित्राइतका माझ्यावर हक्क फार थोड्यांचा. या ना त्या शब्दाबद्दल त्यांचं मत विचारल्याशिवाय, म्हणजे त्यांचा शब्दकोश उघडल्याशिवाय, माझा दिवस क्वचितच जातो.

होप यांनी आपले मित्र ब्रॉकल्सबी यांच्याशी थेट पत्रव्यवहार केला. कलन आणि मन्रो यांनी मात्र आपलं मत आणि औषधयोजना बॉसवेलकडे पाठवली. ती घेऊन तो लंडनला गेला आणि त्यातलं जेवढं धीर देणारं होतं, तेवढंच जॉन्सनना सांगितलं. हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवलंय. मित्र म्हणून त्याला दोष देणं अवघड आहे. पण ज्याने वैद्यांचं मत मागवलं, त्यालाच ते गाळून मिळालं.

डिसेंबरमध्ये जॉन्सन यांनी ब्रॉकल्सबींना समोर बसवून विचारलं, मी बरा होईन का, सरळ सांगा. पूर्ण सत्य सोसेल का, असं आधी विचारून डॉक्टर म्हणाले, चमत्काराशिवाय नाही.

मग आता औषध नको, जॉन्सन म्हणाले. अफूसुद्धा नको.

१३ डिसेंबरला ते गेले.