शोधप्रबंधाची नोंद करताना

मित्रहो, छापील पुस्तक ग्रंथालयात येते तेव्हा त्याच्या मागे प्रकाशक उभा असतो. शोधप्रबंधाला तसे कोणी नसते. काळ्या रेक्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरांत आडनाव व साल, आणि विद्यापीठाच्या नियमाबरहुकूम जुळवलेले शीर्षकपृष्ठ, एवढ्या भांडवलावर तो तालिकाकाराच्या, म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीत नोंदी करणाऱ्याच्या, टेबलावर येतो. हे शीर्षकपृष्ठ लिहिताना संशोधकाच्या डोळ्यांपुढे परीक्षक असतात, पुढे कधीतरी येणारा वाचक नसतो. तालिकीकरणातल्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

मुख्य नोंद अर्थातच संशोधकाच्या नावाने होते. मार्गदर्शकाच्या नावानेही प्रबंध सापडावा म्हणून करायची पूरक नोंद मात्र अनेक ठिकाणी कंटाळा करून टाळली जाते. प्रबंधाची खरी ओळख असते ती मार्क २१ या ग्रंथालयीन नोंदींच्या संगणकीय आराखड्यातील ५०२ या, प्रबंधाच्या टिपेसाठी राखलेल्या, क्षेत्रात : पदवी कोणती, ती कोणत्या संस्थेने दिली आणि कोणत्या वर्षी. पण संशोधन केंद्र असलेल्या महाविद्यालयाचे नाव इथे चुकून पदवी देणारी संस्था म्हणून पडते, किंवा प्रबंध सादर केल्याचे साल पदवीचे साल म्हणून लिहिले जाते, कारण शीर्षकपृष्ठावर तेच ठळक असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, आणि त्याला त्यांचे कोलंबियातील प्राध्यापक सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे; कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. मात्र १९२७ ची. तेव्हा या ग्रंथाच्या नोंदीत प्रकाशनाचे साल १९२५ आणि पदवीच्या टिपेत १९२७ असेच राहिले पाहिजे. एखाद्या उत्साही सहकाऱ्याने दोन्ही साले जुळवून टाकली, तर नोंद बिघडली म्हणून समजा. रुपयाच्या प्रश्नावरचे संशोधन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये केले, पण १९२३ ची डी.एस्सी. ही लंडन विद्यापीठाची आहे. आपल्याकडेही १९८० च्या प्रबंधावर पुणे विद्यापीठ हेच नाव हवे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हे नाव २०१४ पासूनचे असल्याने दोन्हींना जोडणारा निर्देश द्यावा.

विषयाचे काम याहून अवघड. समजा, शीर्षक आहे, ‘सहकारी साखर कारखान्यांच्या कार्यपद्धतीचा चिकित्सक अभ्यास : विशेष संदर्भ सांगली जिल्हा’. यातले ‘चिकित्सक अभ्यास’ हे शब्द विद्यापीठाच्या शिरस्त्याचे आहेत, त्यांवरून काहीच कळत नाही. ‘साखर कारखाने – सांगली’ असे विषयशीर्षक देऊन आपण मोकळे होऊ शकतो, आणि रोज शंभर नोंदींचा तगादा असेल तर होतोही. पण अनुक्रमणिका उघडली, की पाचव्या प्रकरणात ऊसतोड मजूर, मुकादमाने दिलेली उचल आणि कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर, ठरणारा हिशेब सापडतो. बीडहून आलेली एखादी विद्यार्थिनी उद्या नेमके हेच शोधणार आहे आणि तिच्या मनात साखर कारखाना नसून स्थलांतर हा शब्द असणार आहे. पाच मिनिटे अनुक्रमणिका आणि निष्कर्षाचे प्रकरण चाळून आणखी दोन विषयशीर्षके द्यावीत, असा माझा आग्रह आहे.

यावर मला हमखास विचारले जाते, की आता सगळे शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आहे, मग हा खटाटोप कशाला? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांमुळे प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक झाले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने तो संग्रह उभा केला, ही मोठीच सोय आहे. तिथे प्रबंध प्रकरणवार पीडीएफ फायलींत ठेवलेला असतो. परंतु मराठी प्रबंधांपैकी कितीतरी युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिपींची समाईक संगणकीय संकेतप्रणाली रुळण्याआधीच्या, फॉन्टांत टंकलेले आहेत, आणि जुने तर नुसते स्कॅन केलेले. पडद्यावर ‘उचल’ स्वच्छ वाचता येते, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरांची किंवा चिन्हांची अर्थहीन माळ असते, नाहीतर निव्वळ चित्र. पूर्ण मजकुरात शोध घेतला तरी हाती काही लागत नाही. अशा वेळी शोधाला सापडतात ते तालिकाकाराने नोंदीत स्वतः टंकलेले शब्दच, आणि ते शीर्षकपृष्ठावरून जसेच्या तसे उतरवले असतील, तर पाचवे प्रकरण त्या फायलीतच बंद राहते.