जर्मनीचं घोडं अडलं कुठे?

नमस्कार मंडळी! आज जर्मनीबद्दल बोलायचंय आणि सुरुवात करायचीय एका पुलापासून.

ल्युडेनशाइड या शहराजवळ ए-45 महामार्गावर राहमेडे दरीवर एक पूल होता, 1968 सालचा. 2021 च्या डिसेंबरात पाहणीत दिसलं की त्याच्या पोलादी भागांना बाक आलाय. पूल ताबडतोब बंद झाला आणि 2023 च्या मे महिन्यात सुरुंग लावून पाडावा लागला. हा पट्टा धातूकामाचा. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कितीतरी घरगुती मालकीचे कारखाने इथे आहेत. त्यांचे ट्रक मग शहरातल्या रस्त्यांतून वाट काढू लागले.

जगातल्या पहिल्या पाच अर्थव्यवस्थांतला हा देश 2023 आणि 2024, सलग दोन वर्षं आकसला. कारण विचारलं की पहिलं उत्तर येतं रशियाचा गॅस. ते खरंच आहे. युक्रेन युद्धाआधी आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त तिथून यायचा. अमोनिया बनतो नैसर्गिक वायूपासून, त्यामुळे वायू महागल्यावर बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीनं लुडविगशाफेनचा एक अमोनिया प्रकल्प बंदच केला. दुसरं उत्तर चीन. कालचं गिऱ्हाईक आज स्पर्धक झालंय. 2022 मध्ये गाड्यांच्या निर्यातीत चीननं जर्मनीला मागे टाकलं.

पण पूल तर जर्मनीच्या स्वतःच्या हातात होते ना? 2009 मध्ये त्यांनी राज्यघटनेतच कर्जाला लगाम घातला: एरवी केंद्राची तूट जीडीपीच्या 0.35 टक्क्यांपलीकडे जायची नाही. पुढे अशी वेळ आली की जर्मन सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यांवरचा व्याजदर शून्याखाली गेला. म्हणजे पैसा फुकटाहून स्वस्त! तरी पूल आणि रेल्वे दुरुस्तीविना राहिले. छप्पर गळत असताना पासबुकातली शिल्लक जपण्यातला हा प्रकार. ही काटकसर मला अजिबात पटत नाही.

मार्च 2025 मध्ये घटना बदलून 500 अब्ज युरोंच्या पायाभूत निधीला वाट करून दिली. पैसा आला, पण परवानग्या, अभियंते, मजूर एका रात्रीत येत नाहीत. तिकडे फोक्सवॅगननं 2030 पर्यंत जर्मनीतल्या 35,000 हून जास्त नोकऱ्या कमी करायचं ठरवलंय.

चाकणला फोक्सवॅगन आहे, मर्सिडीज आहे. भोसरी-चाकणमधून जर्मन कंपन्यांना माल पुरवणारं कुणी बघत असेल, तर तुमच्या ऑर्डरी वाढल्या की घटल्या, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढचा व्हिडिओ त्यावरच करू.