स्पीड भरपूर, तरी आवाज तुटतो

नमस्कार मंडळी! व्हिडिओ कॉल चालू असताना घरातल्याच कोणीतरी फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की आपला आवाज तुटायला लागतो, मग आपण स्पीड टेस्ट लावतो, आकडा एकदम मस्त येतो आणि डोकं अजूनच चक्रावतं. आता तो आकडा सांगतो सेकंदाला डेटा किती जातो ते, पण कॉलला त्याचं फारसं पडलेलं नसतं, त्याला पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, वेळेवर पोचायला हवं.

करून बघा एकदा. कॉम्प्युटरवर पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) चालू ठेवा आणि मोठी फाइल अपलोडला लावा. आधी 20-30 मिलीसेकंद दिसत असतील तर ते काहीशेवर चढतात, अपलोड थांबवलं की लगेच खाली. म्हणजे लाइन धड आहे, पॅकेटं रांगेत तुंबलीत. मेमरी स्वस्त झाली तसे राउटरमधले बफर, म्हणजे पॅकेटं थांबवून ठेवायची जागा, फुगत गेले, आणि नेहमीच्या टीसीपीला (डेटा पाठवायचा वेग ठरवणाऱ्या नियमांना) पॅकेट हरवल्याशिवाय गर्दी कळतच नाही, त्यामुळे तो आपला पाठवतच सुटतो. 2012 साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी यावर कोडेल नावाची रांग आवरायची पद्धत काढली, आणि मला त्यातली गंमत ही वाटते की ते रांगेची लांबी बघतच नाही, पॅकेट किती वेळ ताटकळलं तेवढंच बघतं. 100 मिलीसेकंद उलटले तरी ताटकळणं 5 मिलीसेकंदांच्या खाली आलंच नाही की पॅकेटं टाकून द्यायला सुरुवात, म्हणजे टीसीपीला गर्दी कळते.

वायफायचं दुखणं आणखी वेगळं, एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं. लांबच्या खोलीतला मोबाईल 6 मेगाबिटवर 1500 बाइटचं पॅकेट पाठवतो तेव्हा 2 मिलीसेकंद हवा अडवतो, जवळचा लॅपटॉप तेच 300 मेगाबिटवर 0.04 मिलीसेकंदात उरकतो (प्रत्येक पॅकेटामागे लागणारा जादा वेळ सोडून हां). दोघांना पॅकेटागणिक पाळी दिली की रडतखडत चालणारा सगळ्यांनाच मागे ओढतो, म्हणून लिनक्सवाल्यांनी (बऱ्याच राउटरमध्ये चालणारी ही ऑपरेटिंग सिस्टीम) पाळी हवेतल्या वेळावर वाटायला घेतली.

राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आवरणारी सेटिंग) असेल तर चालू करा आणि वेग खऱ्या लाइनपेक्षा थोडा कमी टाका, 90-95 टक्के वगैरे. थोडा स्पीड जातो, जाऊ दे! रांग मग पुढच्या मोडेममध्ये न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, जिथे ती आवरता येते. आणि टीव्ही जागचा हलत नाही, त्याला सरळ केबल लावा.