बुडबुड्याची साय

श्रोतेहो, नमस्कार. मी ठाण्यात कॉलेजला पदार्थविज्ञान शिकवते. गेल्या वर्षी आईच्या यकृतात एक गाठ दिसली. तिचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं कमजोर, त्यामुळे सीटी स्कॅनचं औषध शिरेतून द्यायला डॉक्टर तयार नव्हते. त्यांनी ऐरोलीला कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीसाठी पाठवलं, म्हणजे रक्त ठळक दिसावं म्हणून शिरेत वेगळं औषध सोडून केलेली सोनोग्राफी.

तिथे एक छोटी कुपी पाहिली. तळाशी पांढरी पूड. सिस्टरनी तीत सलाईन सोडलं, २० सेकंद जोरजोरात हलवली आणि आत दूध तयार झालं. ते दूध म्हणजे कोट्यवधी बुडबुडे! व्यास सरासरी २.५ मायक्रोमीटर. रक्तातली तांबडी पेशी ७-८ मायक्रोमीटरची, म्हणजे ती जिथून जाते तिथून हेही सहज जातात. इंजेक्शन देताना सिस्टरनी बारीक सुई मुद्दाम टाळली. जोराने दाबलं तर सुईतच फुटतात, म्हणाल्या.

क्षणभंगुर गोष्टीला आपण पाण्यावरचा बुडबुडा म्हणतो. इतका लहान बुडबुडा तर क्षणही टिकू नये. कारण बुडबुडा जितका लहान, तितका पृष्ठताण त्याला जास्त दाबतो. १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या उघड्या बुडबुड्यावर तो जवळपास १.४ वातावरणाइतका जादा दाब टाकतो. आतली हवा पाण्यात विरघळते आणि पापणी लवायच्या आत खेळ संपतो. आईच्या रक्तातले मात्र काही मिनिटं टिकले. एक तर त्यांत हवा नव्हती, सल्फर हेक्झाफ्लोराइड होता. विजेच्या सबस्टेशनांत स्विचगिअरमध्ये भरतात तोच हा वायू, पाण्यात जेमतेम विरघळणारा. आणि भोवती फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाची कातडी होती, एकाच रेणूच्या जाडीची, २-३ नॅनोमीटर.

मला बोलायचंय ते या कातडीबद्दल.

गार झालेल्या दुधावरची साय चमच्याने कडेकडून ढकलून पाहा. थोडा वेळ ती तग धरते, मग सुरकुतते. उलटी ओढली की ताणते, फाटते, खालचं दूध उघडं पडतं. ध्वनिलहरीत बुडबुड्याचं हेच होतं, सेकंदाला लाखो वेळा. दाब वाढला की रेणू एकमेकांना खेटतात आणि कातडी चुरगळते. दाब उतरला की बुडबुडा फुगतो, रेणू विरळ होतात, मधूनमधून पाणी उघडं पडतं. सुरकुतलेली, लवचिक आणि फाटलेली अशा या तिन्ही अवस्था मार्मोताँ हे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एका गणिती प्रतिकृतीत बसवल्या.

नळाखाली हंडा भरताना जो आवाज येतो, तोही बुडबुड्यांच्या कंपनाचाच. १९३३ मध्ये मिन्नार्ट या शास्त्रज्ञांनी त्याचं गणित मांडलं. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३.३ किलोहर्ट्झला वाजतो. त्याच हिशेबाने १ मायक्रोमीटरचा मेगाहर्ट्झमध्ये जातो, नेमका सोनोग्राफीच्या पट्ट्यात. दरवर्षी वर्गात हे शिकवताना मी हरखून जाते.

त्यात कातडीच्या बुडबुड्याचं आकुंचन आणि प्रसरण सारखं नाही, म्हणून परत येणारा आवाज बदलतो. ३ मेगाहर्ट्झ पाठवले तर बुडबुडा ६ सुद्धा परत देतो. यकृताकडून मुख्यतः ३च येतात. मग मशीन एक सरळ आणि एक उलटी लहर पाठवून दोन्हींचे प्रतिध्वनी एकत्र करतं. यकृताचे एकमेकांना खोडतात, बुडबुड्यांचे उरतात. काळ्या पडद्यावर फक्त रक्त चमकतं.

पॉलिमरची जाड कातडीही करता येते. पण तसा बुडबुडा कमी हलतो आणि जोर वाढवला की पापडासारखा तडकतो. मऊ कातडीचा बुडबुडा हलक्या लहरीलाही दाद देतो. म्हणून डॉक्टरांनी पडद्याच्या कोपऱ्यातला एमआय (मेकॅनिकल इंडेक्स), म्हणजे लहरीचा जोर सांगणारा आकडा, ०.१ च्या आसपास ठेवला होता. साध्या सोनोग्राफीत तो बराच जास्त चालतो. इथे तेवढा ठेवला असता तर बुडबुडे फुटले असते.

आईची गाठ कडेकडून आत हळूहळू उजळत गेली. हेमँजिओमा आहे, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, काळजीचं काही नाही, डॉक्टर म्हणाले.

अर्धा तास बसवून आम्हाला सोडलं. कळव्याच्या पुलावर रिक्षा अडकली. आई रिक्षाचा पडदा बाजूला सारून खाडी बघत होती. एव्हाना तो सगळा वायू, एका थेंबाच्या निम्म्याहून कमी, तिच्या श्वासावाटे बाहेर पडून गेलेला होता.