चार बिंदू आणि एक सपाट कागद

(दृश्य: टेबलावर कोरा कागद, कंपास, पट्टी)

पृथ्वीचा अचूक सपाट नकाशा काढता येईल का, हे घरच्या घरी तपासता येतं. प्रमाण ठेवा १ सेंटिमीटरला १,००० किलोमीटर.

पहिला बिंदू उत्तर ध्रुव. दुसरा आफ्रिकेतल्या गॅबॉनमधलं लिब्रव्हिल, विषुववृत्ताला जवळजवळ टेकलेलं. तिसरा सुमात्रा बेटावरचं बोंजोल, अगदी विषुववृत्तावर. ध्रुवापासून ही दोन्ही गावं साधारण १०,००० किलोमीटरवर. दोघांमध्ये जवळपास ९० रेखांशांचा फरक, म्हणजे तेही अंतर तेवढंच. कंपासमध्ये १० सेंटिमीटर घेऊन त्रिकोण काढा. छान जुळतो.

(दृश्य: त्रिकोणाच्या पायावर चौथा बिंदू)

आता चौथा बिंदू. दोन्ही गावांच्या बरोबर मध्यावर, सेशेल्स बेटांच्या उत्तरेला, समुद्रात. दोन्हीकडून ५ सेंटिमीटर. हाही विषुववृत्तावरच, त्यामुळे ध्रुव इथूनही १० सेंटिमीटरवर हवा. पट्टी लावून बघा: ८.६६ भरतात. तब्बल १,३४० किलोमीटर कमी! बिंदू खाली ओढून ध्रुवाचं अंतर पुरं केलं, तर दोन्ही गावं ५.१८ सेंटिमीटरवर जातात. एक अंतर सांभाळलं की दुसरं बिघडतं. चारही बिंदूंची सगळी अंतरं खरी ठेवणारी जागा या कागदावर नाहीच.

याचं कारण जर्मन गणिती गाउसनं १८२७ मध्ये सिद्ध केलं. पृष्ठभाग न ताणता, न फाडता कितीही वाकवला, तरी त्याची मूळ वक्रता, म्हणजे त्या पृष्ठभागावरच्याच अंतरांवरून मोजलेली, बदलत नाही. कागदाची वक्रता शून्य, गोलाची शून्य नाही. पृथ्वीगोलावर आपल्या त्रिकोणाचे तिन्ही कोन ९० अंशांचे, बेरीज २७०. कागदावर १८०च मावतात.

म्हणून नकाशा काढणाऱ्याला काय बिघडू द्यायचं ते ठरवावं लागतं. नकाशाकार मर्केटरनं १५६९ मध्ये कोन जपले, कारण खलाशांना दिशा हवी होती. त्यात ६० अक्षांशावर लांबी दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळपास १४ पट आहे. जगाचा एकच नकाशा भिंतीवर लावायचा, तर निदान हा लावू नये.

(दृश्य: उत्तर ध्रुव मध्यभागी असलेला गोल नकाशा)

पृथ्वी सपाट मानणारे बहुधा हा नकाशा पुढे करतात. यात ध्रुवापासूनची अंतरं खरी असतात, बाकीची नाहीत. विषुववृत्ताचा घेर खरा ४०,०७५ किलोमीटर, इथे जवळपास ६२,८००. दक्षिणेकडे तर ताण वाढतच जातो. ऑस्ट्रेलियातलं सिडनी ते चिलीतलं सँटियागो हे अंतर सुमारे ११,३०० किलोमीटर आहे. या नकाशावर सरळ रेघ मारली, तर २५,००० च्या वर भरतं. थेट विमान तिथे १२-१३ तासांत पोचतं. नकाशा खरा असता, तर त्याला ताशी सुमारे २,००० किलोमीटर वेग लागला असता. प्रवासी विमानं ९०० च्या आसपास उडतात.

गावनकाशाची गोष्ट वेगळी. १० किलोमीटरच्या टापूत वक्रतेमुळे पडणारा फरक मिलिमीटरभर, मोजणीच्या इतर चुकांपुढे नगण्य.

साऱ्या जगासाठी २०२१ मध्ये गॉट, गोल्डबर्ग आणि व्हँडरबाय या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दुहेरी चकती सुचवली: एका बाजूला उत्तर गोलार्ध, पाठीमागे दक्षिण. एकूण चूक त्यांनी बरीच खाली आणली. तरीही काठावर, म्हणजे विषुववृत्तावर, पूर्व-पश्चिम अंतरं १.५७ पट ताणलेलीच आहेत.