चिनी मातीची जुनी किटली: वय कसं ओळखायचं, किंमत कशी ठरते

(टेबलावर पांढरा टॉवेल. त्यावर दोन किटल्या: एकीवर लाल-पिवळे गुलाब, दुसरीवर निळं छापकाम. बाजूला भिंग, मोबाईल, छोटा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च.)

नमस्कार. टी-सेटमधली जुनी किटली हाती लागली की लोक पहिल्यांदा ती उलटी करतात, बुडाचा शिक्का बघायला. आणि झाकण फरशीवर. तेव्हा आधी झाकण काढा, टॉवेलवर ठेवा, मगच किटलीला हात घाला. उचलायची ती दोन्ही हातांनी पोटाला धरून. कानाला धरून नाही, कारण कान आधी कधी चिकटवलेला असला तर तो हातात राहील आणि किटली खाली.

शिक्का आपण सगळ्यात शेवटी बघणार आहोत. शिक्क्याची नक्कल सोपी असते. माती, सोनं आणि झीज यांची अवघड. शिवाय १९व्या शतकाच्या पूर्वार्धात स्टॅफर्डशायरच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या मातीकामाच्या मुलुखातल्या, कितीतरी कारखान्यांनी टी-सेटवर नाव घातलंच नाही, फक्त नक्षीचा नंबर ब्रशने लिहिला. म्हणजे शिक्का नाही म्हणून किटली बिनकामाची, असंही नाही.

आज फक्त इंग्लिश किटल्यांबद्दल बोलू. चोरबाजारात, जुन्या घरांतल्या काचेच्या कपाटांत आणि तिकडे लंडन-लेस्टरच्या चॅरिटी शॉपमध्ये आपल्या लोकांना याच जास्त भेटतात.

(खोलीतला दिवा बंद. मोबाईलचा टॉर्च किटलीच्या आत.)

सुरुवात मातीपासून. टॉर्च आत धरा आणि बाहेरून काठाजवळ बघा, पोटाकडे नाही. पोटाची भिंत जाड असते. उजेड उबदार, दुधाळ पांढरा दिसला तर बोन चायना. थंड, निळसर-करडा दिसला तर युरोपातलं किंवा चीन-जपानचं कडक पोर्सिलेन (खूप तापवून भाजलेली चिनी माती) असण्याची शक्यता जास्त. उजेड आरपार आलाच नाही तर ती बहुधा अर्दनवेअर, म्हणजे साधी भाजलेली माती, वर झिलई. बोन चायनामध्ये निम्मी-अर्धी गुरांच्या हाडांची राख असते, बाकी चिनी माती आणि कॉर्नवॉलचा दगड. हे मिश्रण जोसाया स्पोडच्या कारखान्यात १७९०च्या दशकात पक्कं झालं. तेव्हा विक्रेता बोन चायनाची किटली दाखवून ‘१७६०ची आहे’ म्हणाला, तर पुढचं ऐकायची गरज नाही.

आता किटली तळहातावर ठेवून नखाने हलकी टिचकी मारा. खणखणीत, लांबत जाणारा आवाज आला तर अंग शाबूत. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. अर्दनवेअरला मात्र ही परीक्षा लावू नका, ती शाबूत असली तरी बद्दच वाजते.

(दिवा सुरू. भिंगाखाली गुलाबाची पाकळी.)

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार वापरतात तसलं. नक्षी कशी उमटवली आहे, यावरून वयाचा अंदाज बराच जवळ येतो. हातचं रंगकाम असेल तर ब्रशचा फटकारा दिसतो: सुरुवातीला रंग दाट, शेवटी विरळ, आणि दोन फुलं कधीच हुबेहूब नसतात. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावरून उतरवलेलं छापकाम असेल, जसं या निळ्या किटलीवर आहे, तर बारीक रेघा आणि टिंबं दिसतात, आणि कानाजवळ नक्षीचे दोन तुकडे जुळवल्याचा सांधा सापडतो. हे बघा, इथे वेल मध्येच तुटलाय. एकसारख्या बारीक ठिपक्यांनी भरलेली रंगीत फुलं दिसली की ते लिथोग्राफीचं चिकटचित्र, आणि ते सर्रास वापरात आलं साधारण १९००च्या आसपास. सपाट, ठिपक्यांशिवायचा, जाडसर रंग म्हणजे स्क्रीन प्रिंट, जाळीतून रंग दाबून केलेली छपाई. २०व्या शतकाच्या मध्यानंतरचा माल. फसवणारा प्रकार एकच: छापलेली बाह्यरेषा आणि आत हाताने भरलेला रंग. तो विक्रेत्यांच्या तोंडी ‘हॅण्ड पेंटेड’ होतो. भिंगाखाली रेषा आणि रंग एकमेकांवरून सरकलेले दिसतील.

सोनंही बोलतं. १८व्या शतकातलं सोनं जाडसर, मऊ चमकीचं असतं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त मालावर पातळ द्रवरूप सोनं आलं. ते आरशासारखं चकाकतं आणि लवकर पुसलं जातं.

आकाराबद्दल थोडक्यात, कारण जुने आकार नंतर पुन्हा पुन्हा काढले गेले. पण लहानशी, जेमतेम दोन कप चहा मावेल अशी गोल किटली दिसली तर थांबा. १७८४ पर्यंत ब्रिटनमध्ये चहावर सुमारे ११९ टक्के कर होता. त्या वर्षीच्या कायद्याने तो १२.५ टक्क्यांवर आणला. चहा महाग होता तोवर किटल्या लहान, स्वस्त झाला तशा मोठ्या.

(किटली आडवी धरून बुडाचा क्लोज-अप.)

आता झीज. इथे सावकाश बघा, नक्कल इथेच पकडली जाते. शंभर वर्षं टेबलावर सरकलेल्या बुडाच्या कड्यावर बारीक ओरखडे असतात, ते सगळ्या दिशांना जातात आणि फक्त टेकणाऱ्या उंच भागावरच असतात. सॅण्डपेपरने घासलेलं बूड असेल तर रेघा एकाच दिशेला, समांतर, आणि खोलगट भागातसुद्धा. झिलई नसलेल्या कड्यात मळ आत मुरलेला असतो. मुद्दाम चहा-कॉफीत बुडवून आणलेला तपकिरी रंग सगळीकडे सारखा दिसतो, ओल्या कापसाने पुसला तर कधी कधी उतरतोही.

सोन्याची झीजही हात लागतो तिथेच हवी: कानाच्या वर अंगठा टेकतो तिथे, झाकणाच्या बोंडावर, तोटीच्या टोकाला. बोंडावरचं सोनं कोरं करकरीत आणि कानावरचं पुसलेलं? मग झाकण दुसऱ्या किटलीचं असायची शक्यता मोठी. झाकण बसवून हलकं फिरवा. डगमगलं, अडकलं, किंवा त्याचा पांढरा रंग किटलीच्या पांढऱ्यापेक्षा निळसर वाटला तरी तोच संशय. दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली हा फरक लपतो.

हं, आता उलटी करा.

शिक्का ‘केव्हा बनली’ हे क्वचितच सांगतो. ‘याच्या आधीची नाही’ एवढं मात्र तो बऱ्याचदा सांगतो. अमेरिकेच्या मॅकिन्ली टॅरिफ (आयातकर) कायद्याने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. म्हणून शिक्क्यात ‘इंग्लंड’ असेल तर किटली साधारण १८९१ नंतरची. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुतेक २०व्या शतकातली. ‘बोन चायना’ हे शब्दही २०व्या शतकाकडेच बोट दाखवतात. ‘डिशवॉशर सेफ’बद्दल मी काही बोलत नाही.

शिक्क्यातलं वर्ष वाचून लोक सर्वांत जास्त फसतात. कोलपोर्ट कारखान्याच्या मुकुटाच्या शिक्क्यात ‘इसवी सन १७५०’ असतं, पण तो शिक्काच १८८०च्या दशकापासूनचा. वेजवुडखाली १७५९ दिसतं, ते कारखाना सुरू झाल्याचं वर्ष. आणि ही गुलाबांची किटली बघा. रॉयल अल्बर्टची ‘ओल्ड कंट्री रोझेस’, बुडावर १९६२. घरोघरी हिला ‘१९६२ची’ म्हणतात. १९६२ हे नक्षीच्या हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं वर्ष आहे. हीच नक्षी पुढे कित्येक दशकं निघत राहिली आणि २००२ नंतर तिचं उत्पादन इंडोनेशियात गेलं. शिक्क्यात ‘इंग्लंड’ आहे की नाही, हे पहिलं बघा. आणि शिक्क्यावर आडवा ओरखडा मारलेला असेल तर कारखान्यानेच तो माल दुय्यम प्रतीचा ठरवला होता. मग कुठेतरी बुडबुडा, सरकलेलं चित्र किंवा ठिपका शोधा, सापडेल.

काही कारखान्यांनी मात्र वर्ष सरळ लिहून ठेवलंय, फक्त वाचता यायला हवं. रॉयल वूस्टरच्या गोल शिक्क्याभोवती १८९१ मध्ये नाव आलं. १८९२ ला मुकुटाच्या बाजूला एक ठिपका, मग दरवर्षी एकेक वाढत १९१५ पर्यंत चोवीस. म्हणजे ठिपके मोजा आणि १८९१ मध्ये मिळवा. नऊ ठिपके म्हणजे १९००. रॉयल डल्टनच्या सिंह-मुकुटाच्या शिक्क्याशेजारी १९२८ पासून छोटा आकडा येऊ लागला, त्यात १९२७ मिळवायचे. मिंटनचं नाव दाबून उमटवलेलं असेल आणि शेवटी ‘एस’ असेल, म्हणजे ‘मिंटन्स’, तर माल १८७३ च्या सुमाराचा किंवा नंतरचा.

(भिंगाखाली निळ्या किटलीचं बूड.)

या निळ्या किटलीवर कारखान्याचं नावच नाही. पण हा चौकोन दिसतो, टोकावर उभा केलेला, वर छोट्या वर्तुळात रोमन चार? हा ब्रिटिश नक्षी-नोंदणीचा शिक्का, चार म्हणजे मातीकामाचा वर्ग. हा १८४२ ते १८८३ एवढाच वापरात होता. आत चार कोपऱ्यांत अक्षरं-आकडे आहेत. वर्षाचं अक्षर वरच्या कोपऱ्यात असेल तर १८४२ ते १८६७, उजव्या कोपऱ्यात असेल तर १८६८ नंतरचं. अक्षरं एबीसीच्या क्रमाने नाहीत: १८४२ ला एक्स, १८४३ ला एच, १८४४ ला सी. त्यामुळे तक्ता समोर हवाच. १८८४ पासून चौकोन गेला आणि ‘आरडी’ (म्हणजे रजिस्टर्ड) अक्षरांपुढे सरळ नंबर आला, १ पासून. १८९०च्या सुरुवातीला तो १ लाख ४१ हजारांवर होता, १९००च्या सुरुवातीला ३ लाख ५१ हजारांवर. ३ लाख ६० हजारांचा नंबर दिसला तर नक्षी १९०० मध्ये नोंदली. नक्षी, किटली नव्हे. तीच नक्षी पुढची वीस वर्षं छापली जाऊ शकते.

वय झालं. आता पैसे.

वयाचा आणि किमतीचा संबंध लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कमी आहे. व्हिक्टोरियन काळातली फुलाफुलांची बिननावी किटली दीडशे वर्षांची असूनही ब्रिटनमध्ये आज किरकोळ पैशांत जाते, कारण अशा लाखो बनल्या आणि टी-सेट मांडणारी घरं कमी झाली. उलट क्लॅरिस क्लिफ या इंग्लिश नक्षीकार बाईंची १९३०च्या आसपासची, भडक रंगांची कोनाकोनांची किटली, साध्या मातीची असूनही तिच्या कितीतरी पट जाते. तिच्या नकलाही तेवढ्याच.

ऑनलाइन मागितलेली किंमत बघू नका. विकल्या गेलेल्या वस्तूंची किंमत बघा. ईबेवर ‘सोल्ड’ची गाळणी त्यासाठीच आहे. त्यातही नक्षी, आकार, शिक्का आणि अवस्था चारही जुळणारे निदान पाच-सहा सौदे शोधा, वरचा आणि खालचा आकडा सोडून द्या. लिलावाचा आकडा असेल तर तो हातोड्याचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा, आहे की खरेदीदाराचं कमिशन धरून, हे पाहा. विकणाऱ्याच्या हातात हातोड्याच्या आकड्यातूनही विक्रीचं कमिशन कापून येतं. आणि विम्याच्या कागदावरची किंमत ही बाजारभाव नव्हे. ती तशीच दुसरी वस्तू शोधून आणायला लागेल एवढी, म्हणून नेहमी चढी.

किटलीत मार बसतो तो चार ठिकाणी: तोटीचं टोक, कानाचे दोन सांधे, झाकणाची आतली कडा, आणि बुडापासून वर जाणारी केसासारखी चीर. अंधारात यूव्ही टॉर्च मारा. जुना गोंद आणि वरून मारलेला रंग झिलईपेक्षा वेगळा चमकतो.

(तोटीच्या टोकावर यूव्ही. पिवळसर पट्टा दिसतो.)

हा बघा. साध्या उजेडात ही तोटी निर्दोष होती. टवका उडालेला होता, तो भरून वर रंग दिलाय. नवीन रसायनं मात्र यूव्हीतही लपतात, म्हणून बोटाने चाचपा; दुरुस्ती किंचित उबदार आणि मऊ लागते. अशा दुरुस्तीने सर्वसाधारण किटलीची किंमत निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते.

दुर्मिळ असेल तर हा हिशोब पार बदलतो. जॉन बार्टलम नावाच्या कुंभाराने १७६०च्या दशकात अमेरिकेत, साउथ कॅरोलायनात बनवलेली एक किटली इंग्लंडच्या एका लिलावात सुमारे १५ पौंडांना गेली होती. झाकण नाही, कान तुटून जोडलेला. ओळख पटल्यावर २०१८ मध्ये सॉल्झबरीच्या वुली अँड वॉलिस या लिलावगृहात तिच्यावर हातोडा पडला ४ लाख ६० हजार पौंडांना, आणि ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेली. पण हे उदाहरण ऐकून प्रत्येक फुटकी किटली जपून ठेवू नका.

आता निगा. किटली ब्लीचमध्ये भिजवू नका. ते चिरेतून आत शिरतं आणि झिलई उचकटतं. कोमट पाणी, मऊ कापड, बास. सोनं असलेली किटली मायक्रोवेव्हमध्ये नाही. जुन्या झिलईत आणि रंगांत शिसं असू शकतं, त्यामुळे शंभरीच्या किटलीतून रोजचा चहा नको, लिंबू घातलेला तर नकोच.

भारतातून बाहेर पाठवायची असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वय शंभरच्या आसपास असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या, मगच कुरिअर.

तज्ज्ञाला किंवा लिलावगृहाला फोटो पाठवताना शिक्क्याचा एकच फोटो पाठवून उत्तराची वाट बघू नका. पूर्ण किटली दोन्ही बाजूंनी, तोटीचं टोक, कानाचे सांधे, झाकण वरून आणि आतून, बूड मोजपट्टीसकट, आणि टॉर्च आत ठेवून एक. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड. पाठवायची वेळ आलीच तर झाकण किटलीवर बसवून चिकटपट्टी लावू नका, सोनं पट्टीबरोबर निघतं. झाकण वेगळं गुंडाळा, तोटीभोवती फोम, पोटात चुरगळलेला कागद सैलसर भरा, आणि एका खोक्यात दुसरं खोकं, मध्ये चारही बाजूंनी दोन इंच भराव.